गेला, नाही, थांबला

आमच्या घरी रविवारी सकाळी गरम काही मिळत नसे. शेजारच्या घरांतून थालीपिठाचा, उपम्याच्या फोडणीचा वास बोळात उतरायचा आणि आमच्या ताटलीत दडपे पोहे असायचे. पातळ पोहे, ओलं खोबरं, बारीक चिरलेला कांदा, लिंबू आणि नारळाच्या पाण्याचा शिपका. वरची फोडणीसुद्धा आई आदल्या संध्याकाळी करून गार करून ठेवायची. सोबत वाटीभर ताक. चहा नाहीच. कारण माझे वडील, म्हणजे आप्पा, रविवारी बंदुकांच्या नळ्या मोजत, आणि ज्याने नुकताच गरम पेला हातात धरला आहे अशा माणसाला ते पोलादाच्या आसपास फिरकू देत नसत. हाताच्या उबेने पोलाद फुगतं. डोळ्याला दिसणार नाही इतकंच, पण आम्ही मोजत होतो तेही डोळ्याला न दिसणारंच होतं.

गेल्या महिन्यात व्हिडिओवर मीरा म्हणाली, "आजी, बाबा म्हणतो तू लहानपणी बंदुकांशी खेळायचीस." मी तेव्हा फक्त "खेळायचे नाही" एवढंच म्हटलं, कारण तन्मयची बस आली होती आणि तुमच्याकडे बाहेर बर्फ पडत होतं. पण ते वाक्य मला टोचत राहिलं. खेळले असते तर आप्पांनी मला घराबाहेर काढलं असतं. म्हणून तुम्हा दोघा भावंडांसाठी हे सविस्तर लिहिते आहे. वारज्याच्या या फ्लॅटमध्ये सकाळी दहानंतर माझ्याकडे वेळच वेळ असतो, आणि कामवाल्या सुनंदाला मी टेबलावर कागद पसरून बसले की फार आदर वाटतो.

आमचं घर नारायण पेठेत, नदीकडे उतरणाऱ्या एका बोळात होतं. खाली रस्त्याकडची खोली आप्पांची, मागे स्वयंपाकघर, वर झोपायच्या दोन खोल्या. आप्पांकडे बंदूक दुरुस्तीचा परवाना होता. त्यांच्या खोलीत तेलाचा, लाकडाच्या भुशाचा आणि आप्पांच्या तपकिरीचा वास असायचा, आणि दिवसभर कानशीचा आवाज. तो आवाज थांबला की आई स्वयंपाकघरातून विचारायची, "काय झालं?" मांजरीच्या बाजूचे शेतकरी कोल्ह्यांसाठी ठेवलेल्या जुन्या बाराबोअरच्या बंदुका घेऊन यायचे. "आप्पा, बगा की जरा. कोल्ही उसात बसून हसत्यात माज्यावर," असं म्हणणारे एक धोंडिबा होते. येताना ते उसाच्या कांड्या आणायचे, त्यामुळे माझं आणि कोल्ह्यांचं मत त्यांच्या शेताबद्दल सारखंच चांगलं होतं. बंदुका उघडून, गोळ्या नाहीत याची खात्री करून मगच त्या उंबरठ्याच्या आत येत. ही खात्री आप्पा करत, मग आई करत असे, आणि मी मोठी झाल्यावर मीही करू लागले. तिघांनी बघितल्याशिवाय ती वस्तू आमच्या घरात पाहुणी होत नसे.

आप्पांची खरी संपत्ती म्हणजे सागवानी पेटीतले गेज. हिरव्या मखमलीत आडवे ठेवलेले पोलादाचे छोटे दंडगोल, तुमच्या करंगळीच्या पेरापेक्षा लहान, आरशासारखे घासलेले. एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. त्या पेटीतला प्रत्येक गेज आधीच्यापेक्षा अर्ध्या थाऊने जाड होता. रायफलच्या नळीत आतून पीळ कोरलेले असतात, त्यांच्यामुळे गोळी भिंगरीसारखी फिरत सरळ जाते. नळी झिजली की पीळ बोथट होतात आणि गोळी मनाला येईल तिकडे जाते. ती किती झिजली हे बघायचं तर नळी शेगड्यात उभी धरायची (शेगडा म्हणजे पकडण्याचा लोखंडी चिमटा, त्याला आम्ही शिशाचे मऊ ओठ लावले होते), पितळेच्या लांब बारीक दांडीच्या टोकाला एक गेज फिरवून बसवायचा आणि दोन बोटांत दांडी नुसती टेकवून धरायची. ढकलायचं नाही. गेज आपल्या वजनाने उतरला तर तो गेला. नाही उतरला तर नाही. मग पुढचा जाड गेज. ज्या गेजला नळी पहिल्यांदा नाही म्हणते, तिथे माप संपलं.

आता यातली मेख अशी की दोन बोटं फार लबाड असतात. गेज जावा असं मनात असलं की बोटं आपल्या नकळत त्याला खाली दाबतात, आणि जाऊ नये असं वाटत असलं की हळूच धरून ठेवतात. हे आईने पकडलं. लग्नानंतर पहिल्याच वर्षी ती आप्पांना म्हणाली होती, "अहो, तुमच्या वडिलांच्या बंदुकीचं माप दर खेपेला नव्यासारखं कसं हो येतं? आणि त्या सावकाराची मात्र दर खेपेला झिजलेली?" त्यानंतर त्यांनी नियम केला की मोजणाऱ्याला आकडा कळता कामा नये. आकडा गेजच्या बुडाशी कोरलेला असे, दांडीवर बसवला की झाकला जाई. तेव्हापासून पेटी आईच्या मांडीवर. ती तांदूळ निवडता निवडता मनाला येईल तो गेज दांडीवर बसवून द्यायची, कधी पातळ, कधी जाड, कधी तोच पुन्हा. आप्पा पाठमोरे बसून एवढंच म्हणायचे, "गेला." "नाही." "गेला." हिशेब आईच्या डोक्यात.

समोरच्या घरात नव्याने राहायला आलेल्या एक काकू पहिल्याच रविवारी पदर सावरत, डोळे ओले करून दारात उभ्या राहिल्या. त्यांनी खिडकीतून दोनदा "गेला" ऐकलं होतं. आई म्हणाली, "या ना, बसा. अजून कोणी गेलेलं नाही. पोहे घेता?" त्या पुढे आमच्या पक्क्या मैत्रीण झाल्या, पण रविवारी कधी आल्या नाहीत.

मला इंग्रजी शाळेत घातलं तेही या बंदुकांपायीच. आप्पांना परदेशी बनावटीच्या बंदुकांबरोबरची छापील माहिती वाचून दाखवणारं कोणीतरी घरात हवं होतं. शाळेत मी फुलांवरच्या कविता पाठ करत होते आणि घरी येऊन "स्वच्छ करताना गज नेहमी मागच्या बाजूने घालावा" असली वाक्यं आप्पांना मराठीत करून सांगत होते. गज म्हणजे नळी पुसायची लोखंडी काठी. तोंडाकडून घातली तर ती नेमकी तोंडाशी घासते, आणि गोळी नळीला शेवटचं शिवून जाते ती तिथेच. हे वाक्य आप्पांनी माझ्याकडून इतक्या वेळा वाचून घेतलं होतं की ते मला एकाही कवितेपेक्षा जास्त पाठ आहे.

कॉलेजात गेल्यावर मी रायफल क्लबात नाव घातलं. माझी मैत्रीण मालती आणि मी सायकलवरून जायचो, डबलसीट, चढाला ती उतरणार आणि उताराला मी चालवणार असा करार होता. क्लबात मुलांच्या संघाकडे चार रायफली आणि आम्हा तीन मुलींना मिळून एक. पॉइंट टू टूची, म्हणजे बारीक गोळीची, जुनी, पण काय गोड चालायची! क्लबाचे चिटणीस लिमयेसाहेब होते. टोपी, छत्री आणि किल्ल्यांचा जुडगा यांशिवाय मी त्यांना कधी पाहिलं नाही. मुलींच्या हाती उघडी बंदूक राहू नये म्हणून ते सराव संपला की आमच्या रायफलच्या बोल्टला, म्हणजे मागून उघडण्याच्या खटक्याला, साखळी घालून कुलूप लावत. किल्ली जुडग्यात. मुलांच्या रायफलींना कुलूप नसे. मागची बाजू बंद, म्हणून आम्हाला नळी तोंडाकडूनच पुसावी लागे. मी एकदा सांगितलंही.

"सर, गज मागून घालायचा असतो."

"हो का? आणि सूर्य कुठून उगवतो तेही सांगून टाका. क्लबात क्लबाचे नियम."

मालतीने मला कोपराने ढोसलं आणि आम्ही समोरून पुसत राहिलो.

राज्याच्या स्पर्धेला थोडेच आठवडे उरले आणि आमची रायफल बिघडली. आदल्या महिन्यापर्यंत आठ आण्याच्या नाण्याखाली झाकता येतील इतक्या जवळ पडणाऱ्या गोळ्या आता बशीभर पसरू लागल्या. मालती तर लक्ष्याकडे बघून म्हणाली, "मला गोवर निघाल्यासारखं दिसतंय हे." लिमयेसाहेबांनी नळीच्या तोंडात एक निमुळता गेज खुपसला, तो जितका जायला हवा त्यापेक्षा खोल गेला, आणि त्यांनी निकाल दिला. "नळी संपली. रायफल मोडीत. मुलींचा संघ यंदा नाही." मालतीने विचारलं, मुलांची एखादी रायफल द्याल का. "मुलांनाही नेम धरायचा असतो. तुम्ही नेम धरण्यापेक्षा पुसण्यातच जास्त वेळ घालवलात. छान आहे. चकचकीत आहे. निरुपयोगी आहे."

मोडीत काढायला परवानाधारक कारागिराचं मत लागत असे, आणि तो कारागीर म्हणजे आप्पा. त्या रात्री जेवताना मी त्यांना सगळं सांगायला सुरुवात केली. कुलूप, गज, तोंड. आप्पांनी भाताचा घास तसाच हातात धरून मला थांबवलं.

"आधी माप. मग कारण."

"पण आप्पा, मला माहीत आहे कशाने झालं ते."

"म्हणूनच बोलू नकोस. कारण आधी ऐकलं की माझी बोटं तेच शोधत बसतील."

आई म्हणाली, "आमटी घ्या दोघं. बोटं जेवणात घाला." मी आमटी घेतली, पण मला त्या रात्री चव कशाचीच लागली नाही. झीज तोंडाशीच असेल तर तेवढा तुकडा कापून नळी पुन्हा चांगली करता येते, हे मला माहीत होतं. झीज आतपर्यंत गेली असेल तर रायफल खरंच मेली, आणि आमचं तिघींचं वर्षही. शेवटचं वर्ष होतं ते. मालतीचं लग्न ठरल्यासारखंच होतं, तिसरीचे वडील बदलीवर चालले होते. पुढच्या वर्षी संघ असता तर त्यात आम्ही नसतो.

रविवारी लिमयेसाहेब स्वतः रायफल घेऊन आले. छत्री दाराशी उभी केली, कुलूप काढून दिलं, नळी रिकामी असल्याचं आम्ही तिघांनी बघितलं. मग खुर्चीत बसून त्यांनी पहिलंच वाक्य टाकलं.

"आप्पासाहेब, एक बोलू का? रायफल तुमच्या मुलीच्या संघाची. माप तुमच्या हातचं. म्हणजे परीक्षार्थी घरचा, परीक्षकही घरचा. निकाल काय लागणार ते मी छत्री न उघडताच सांगतो."

मला वाटलं आप्पा चिडतील. आप्पांना ते वाक्य चक्क आवडलं. त्यांनी आईच्या मांडीवरची पेटी उचलली आणि लिमयेसाहेबांच्या मांडीवर ठेवली.

"अगदी बरोबर बोललात. मग गेज तुम्ही द्या. कुठलाही, कितीही वेळा. आणि मी मोजत नाही. ती मोजेल."

"तिला तर तुमच्याहून घाई असेल रायफल चांगली निघायची!"

"असू द्या. कुठला गेज आहे हेच माहीत नसेल तर घाई करून दाबणार कशाला आणि धरणार कशाला? खोटं बोलली तर तिचीच उत्तरं एकमेकांशी भांडतील. जाड गेला आणि पातळ नाही, असं होईल. तुम्हाला कळेलच."

तोवर मी फक्त शेतकऱ्यांच्या बाराबोअर, त्याही दुसऱ्या जाड गेजांनी, मोजल्या होत्या. त्यांच्या नळ्या म्हणजे पाण्याचे पाइप. रायफल पहिल्यांदाच. आईने माठाच्या पाण्याने माझे हात धुवून दिले, पुसून दिले आणि कानात म्हणाली, "पोह्यात लिंबू जास्त झालंय. लवकर आटप." मी भिंतीकडे तोंड करून स्टुलावर बसले. नळी मागची बाजू वर करून उभी होती. मागून दांडी माझ्या हातात आली.

मी दांडी दोन बोटांत टेकवली. गेज नळीत शिरला आणि संथ, जाड दुधातून चमचा जावा तसा खाली गेला. "गेला." दांडी परत दिली. पुढची आली. ती वरच्या कडेशीच अडून राहिली. "नाही." पुढची गेली. पुढची नाही. लिमयेसाहेबांनी त्यांच्या सगळ्या हिकमती वापरल्या असणार, कारण एकदा मला वाटलं की तोच गेज तीनदा आलाय. मध्येच त्यांनी नुसती, गेज न लावलेली दांडी दिली. मी ती वळून परत केली. "सर, यावर काहीच नाही." मागे आई तोंडावर पदर धरून खोकली. समोरच्या काकूंनी खिडकी लावून घेतल्याचा आवाज आला. मी काय चांगलं ऐकवते आहे की वाईट, हे मला काहीच कळत नव्हतं, आणि खरं सांगू का, थोड्या वेळाने मी ते विचारायचंही विसरले. बोटांच्या टोकांशी एवढंच उरलं होतं की गेला, की नाही.

शेवटी आप्पांनी विचारलं, "काय म्हणते नळी?"

लिमयेसाहेबांनी गेजांच्या बुडाचे आकडे पुन्हा एकदा वाचले. मग म्हणाले, "उत्तरं भांडत नाहीत." आणि त्याहून हळू, "मागून नळी नव्यासारखी आहे. पण मी तोंडातून मोजलं होतं ते खोटं नव्हतं."

"मग तोंडातून बघू," आप्पा म्हणाले आणि नळी उलटी केली.

पुन्हा दांडी आली. मी टेकवली आणि गेज सरळ आत गेला. मी "गेला" म्हणायला तोंड उघडलं होतं, जीभ टाळूला लागली होती, आणि बोटांना जाणवलं की दांडी उभी आहे. खाली जात नाही. मी ती जराशी वर घेतली, पुन्हा सोडली. तिथेच. तोंडापासून बोटभर आत कोणीतरी खालून हात लावून धरल्यासारखी.

"काय झालं?" लिमयेसाहेब.

आमच्या घरात या कामाला दोनच शब्द होते. मला तिसरा सापडत नव्हता. शेवटी म्हणाले, "थांबला."

"थांबला म्हणजे? गेला की नाही?"

"दोन्ही. बोटभर गेला आणि मग नाही."

आप्पा उठून आले. त्यांनी दांडीवर खडूने खूण केली, मला तिथून उठवलं नाही, नुसतं "पुन्हा" म्हणाले. दुसरा गेज, थोडा पातळ की जाड देव जाणे. तोही थोडा पुढे जाऊन थांबला. तेव्हा कुठे आप्पा लिमयेसाहेबांकडे वळले. "आता कारण. मुली, नळी कुठून पुसता?"

"तोंडाकडून."

"तुला शिकवलं होतं ना मी?"

"मागे कुलूप असतं, आप्पा."

"किल्ली कोणाकडे?"

लिमयेसाहेबांनी जुडगा बाहेर काढला. एकेक किल्ली सरकवत ती लहानशी शोधली, कडीतून सोडवली, त्यालाही बराच वेळ लागला, आणि गेजच्या पेटीत, मखमलीवर, सर्वांत जाड गेजच्या शेजारी ठेवली.

"हिचंही माप घेऊन ठेवा," ते म्हणाले. "सोमवारपासून ही मुलींकडे."

आई उठली. "अहो, आता चहा घेता ना? आता चालतो." आणि खरंच, त्या रविवारी आमच्या घरी चहाच्या आधी थालीपीठसुद्धा झालं. लोण्याचा गोळा वर विरघळत असताना लिमयेसाहेब म्हणाले की त्यांच्या घरी थालीपीठ यापेक्षा कडक करतात, आणि तिसरं मागून घेतलं.

आप्पांनी नळी बोटभर कापली. तोंड नव्याने घोटून घेतलं. त्याला दोन दिवस लागले, कारण मधेमधे ते भिंग लावून बघत आणि नाक ओढत. आम्ही स्पर्धेला गेलो. तिसऱ्या आलो. मालतीने बक्षिसाची वाटी सायकलच्या हँडलला बांधून सगळ्या पेठेतून घंटीसारखी वाजवत आणली. लिमयेसाहेबांनी सूचनाफलकावर आमच्या नावांच्या खाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं, "रायफल बोटभर आखूड असूनही." मालती म्हणे त्यांना माफी मागता येत नाही. मी म्हटलं, मागितली की. किल्ली दिली ना.

आता तुम्हाला एक गंमत सांगते. कापलेला तो बोटभर तुकडा आप्पा भंगारात टाकणार होते. आईने तो उचलला, चिंचेने घासला आणि देवघरात उभा केला. उदबत्ती त्यात अगदी नीट बसते. तन्मय, तू तीन वर्षांचा असताना ज्यात रोज खडू खुपसायचास आणि मी रोज काढायचे, तो हाच. वारज्याच्या देव्हाऱ्यात आजही उजव्या हाताला आहे. त्याचं वरचं तोंड आतल्या बाजूपेक्षा किंचित मोठं आहे, पण ते तुम्हाला डोळ्यांनी दिसणार नाही.

गेजची पेटीही माझ्याकडे आहे. दर दिवाळीला तेल लावते. मीरा, तुझ्या कॉलेजात लेझरने मोजतात हे तू सांगितलंस, आणि ते नक्कीच जास्त अचूक असणार. तरी पुढच्या वेळी आलात की आपण एकदा मोजून बघू. तुकडा शेगड्यात धरू, पेटी माझ्या मांडीवर, तुम्ही दोघं पाठ करून बसायचं आणि काय झालं तेवढंच सांगायचं. फक्त त्या दिवशी सकाळी गरम मिळणार नाही. आत्ताच सांगून ठेवते, नंतर कुरकुर नको.